नारायण पेठेतली शेरणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
पुणे, नारायण पेठ
शके १७०६, भाद्रपद वद्य षष्ठी

ती. आनंदीअक्का यांच्या चरणी धाकटा भाऊ यज्ञेश्वर याचा शि. सा. नमस्कार. येथील सर्व क्षेम, नदीखेरीज. धायरीकडचे क्षेम कळवीत जावे.

वि. वि. या पावसाळ्यात मुठेने आमच्या परसातून शेवगा, धुण्याचा दगड आणि गोठ्याची अर्धी भिंत नेली. गाय राहिली. शेवग्याचे फारसे दुःख नाही, शेंगा शेजारीच जास्त खात असत. परंतु काठ आता मागच्या खोलीला इतका येऊन भिडला आहे, की खिडकीतून तांब्या सोडला तर तो थेट नदीत पडावा. हे अनुमान होते, म्हणून प्रत्यक्ष सोडून पाहिला. तांब्या गेला. तो कुसुमच्या माहेरचा होता, हे नंतर कळले.

शेजारी गोपाळकृष्ण वैद्य येऊन धीर देऊन गेले. त्यांचा काठ शाबूत आहे, हे त्यांनी चार वेळा सांगितले.

दगडी घाट बांधणे हे सरदार लोकांचे काम. मी न्यायशास्त्र शिकवणारा माणूस, तेव्हा झाडांनीच काठ बांधावा असे ठरवले. कोणते झाड लावावे याचा विचार केला तो असा: जे पाण्याला प्रिय, ते पाणी नाहीसे करणार नाही. पाण्याला सर्वांत प्रिय कमळ. म्हणून कमळे लावली. ती दुसऱ्या दिवशी नव्हती. मग शोभेचाही विचार करून केळी लावल्या. त्या गेल्या, पण लाकडी पुलापर्यंत ताठ उभ्याच गेल्या, असे पाहणारे सांगतात.

आपण ओढ्याकाठी नांदता आणि आपल्या काठाचे ढेकूळही हललेले ऐकिवात नाही. तरी काय लावावे ते कळवावे. लोभ आहे तेवढा तरी वाहून जाऊ देऊ नये, ही विनंती.

*

धायरी
शके १७०६, आश्विन शुद्ध दशमी

चि. यज्ञेश्वरास आनंदीचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. कमळांचा मजकूर आमच्याकडच्या स्वारीने दोनदा वाचायला लावला. हसण्यासाठी नव्हे, असे सांगणे झाले. पण दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना बोलावून घेतले होते.

अरे, पाण्याला काय प्रिय ते पाण्याला विचारायला तू कधी गेला होतास? ज्याची मुळे बारा महिने ओलीत राहून कुजत नाहीत, आणि ज्याच्या डोक्यावरून पूर गेला तरी जे मान मोडून घेत नाही, असेच काठाला लावायचे. तेही आपल्याच नदीचे, वरच्या अंगाला आपसूक वाढणारे. दूरदेशीचे कौतुक तुळशीपाशी ठेवावे, काठावर नको.

दिवाळी झाली की पाणी उतरेल. तेव्हा भैरूबरोबर गाडी पाठवते. आमच्या घरचा गडी आहे, बोलतो फार, पण गाडी नीट हाकतो. अगदी पाण्याच्या कडेला लव्हाळे आणि बोरू लाव. त्याच्या वर वाळा. त्याची मुळे पुरुषभर खोल जातात आणि माती अशी धरतात की कुदळीलाही सोडत नाहीत. त्याच्यावर निरगुडी, आणि सर्वांत वर, घराला धक्का लागणार नाही अशा अंतरावर, एक उंबर. अधूनमधून दर्भाचे ठोंब घाल. लावताना शेंडे छाटले तर चालतील, मुळे छाटू नकोस. पहिला पावसाळा पार पडला की मग देवाची कृपा.

कुसुमला तांब्या मी देईन. तू काही सोडून पाहू नकोस. तुझ्यावर राग असला तरी माया आटलेली नाही, इतके समजून असावे.

*

पुणे, नारायण पेठ
शके १७०६, पौष वद्य द्वितीया

ती. आनंदीअक्का यांस यज्ञेश्वराचा शि. सा. न. वि. वि. आपल्या सांगण्याबरहुकूम सर्व लागवड झाली. कार्य सिद्धीस गेल्यात जमा आहे. लोक मुद्दाम पाहायला येतात.

दुसरे, आनंदाचे वर्तमान. लेक चि. सौ. नीरजा हिला दिवस राहिले आहेत. पहिलटकरीण, तेव्हा साताऱ्याहून बाळंतपणाला इकडेच येणार. श्रावणाच्या सुमारास समजावे. पुढच्या सोप्यात माझे विद्यार्थी, माजघरात पाहुणे आणि दाणे. निवाऱ्याची खोली म्हणाल तर मागचीच. म्हणजे नदीवरचीच.

म्हणून काठाची थोडी चिंता, एरवी नाही. दृष्टी असू द्यावी.

*

पुणे
शके १७०६, माघ शुद्ध सप्तमी

ती. वन्संबाई यांच्या पायी कुसुमचा दंडवत. चुलीपाशी बसून लिहिते आहे, अक्षर वाकडे आले तर सांभाळून घ्यावे. हे पत्र इकडे दाखवलेले नाही.

इकडून आपल्याला कळवणे झाले असेल की कार्य सिद्धीस गेले. लोक पाहायला येतात हे खरे. येतात, पाहतात आणि घेऊन जातात.

आधी बोरू गेला. नारायण पेठेत बोरू उगवला ही बातमी कारकून मंडळींना कोणी दिली देव जाणे. एकामागून एक येऊ लागले. आपल्या पुण्यात लिहिणाराची काही टंचाई नाही. एकाने तर काठावरच चाकू काढून लेखणी तासली आणि टोक कसे उतरले ते मला दाखवले. इकडची स्वारी तावातावाने खाली गेली. वाद झाला. वादात त्या कारकुनाचे म्हणणे असे पडले की बोरू लेखणीसाठीच जन्माला येतो, काठ धरणे हा त्याचा प्रसंगोपात्त धर्म. इकडे ते पटले. परत येऊन मला सांगणे झाले की प्रतिपक्ष बळकट होता. बोरू गेला.

मग निरगुडी. पेठेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. लंगडत उतरतात आणि पाला घेऊन तरातरा चढून जातात. त्यांना नाही म्हणायचे तर दुखणाऱ्याला औषध नाकारल्याचे पाप. दर्भ भटजींनी नेला, श्राद्धापक्षाला लागतो म्हणून. तिथे तर इकडून स्वतःच उपटून देणे झाले. वाळ्याची मुळे उन्हाळ्यासाठी आधीच कुणी कुणी सांगून ठेवली आहेत. माठात टाकायला दोन मुळे द्या म्हणून गोपाळकृष्ण वैद्यांच्या कुटुंबाने मागितली, मी दिली. मीही काही शहाणी नाही.

उंबराचे सांगू नये. वीतभर रोप. त्याला हळदकुंकू वाहिलेले दिसले तेव्हाच माझ्या मनात चर्र झाले. आता गुरुवारी प्रदक्षिणेला रांग लागते. लोक भक्तीने इतके फिरतात की भोवतीची माती पायांनी खाली गेली. पुराने नेला नव्हता इतका काठ दत्तभक्तांनी नेला.

वन्संबाई, आपण सांगितलेली झाडे चांगलीच होती. आमची नदी त्यांना भ्यायली असती. पण पुणे भ्यायले नाही. राहिले आहे ते फक्त लव्हाळे, कारण त्याचे काय करायचे ते अजून कुणाला सुचलेले नाही.

तेव्हा माझे मागणे आहे. कुणाच्याही कसल्याही उपयोगी पडत नाही असे एखादे झाड आपल्या नदीत आहे का? औषधी नको, सुवासिक नको, पूजेचे तर मुळीच नको. त्या खोलीत माझी लेक निजायची आहे. उत्तर माझ्या नावे पाठवावे. मायेची पाखर असावी.

*

धायरी
शके १७०६, फाल्गुन शुद्ध द्वादशी

चि. सौ. कुसुम हिस आनंदीचे आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग खोली डोळ्यांपुढे आली आणि हसू गेले. चूक माझी. मी ओढा पाहून झाडे सांगितली, शहर पाहून नाही.

निरुपयोगी झाड शोधायला मी जितकी वणवण केली तितकी कामाच्या वस्तूसाठी कधी केली नव्हती. भैरूला घेऊन नदीने वर वर गेले. जे दाखवावे त्याला तो म्हणे की ह्याचा बी उपेग हाय. हे बैलाच्या पोटाला, हे विंचवावर, हे दारात बांधले की दृष्ट लागत नाही. एका काट्याच्या झुडपापाशी मला आशा वाटली, तर त्याने सांगितले की सासू छळत असेल तर हे तिच्या उशाला ठेवतात. ते पुण्यात एक दिवसही टिकले नसते.

शेवटी खडकात, जिथे पाणी सर्वांत जोराने कोसळते, तिथे शेरणी दिसली. तू पाहिली नसशील. कण्हेरीसारखी लांब पाने, कमरेएवढी वाढ, वास नाही, फूल असून नसल्यासारखे, फळ पाखरूसुद्धा विचारत नाही. गुरे तोंड लावत नाहीत. सरपण म्हणून धुरकट. पण मुळे दगडांच्या फटीत अशी शिरतात की मी आणि भैरू दोघे एकीला ओढत बसलो, तर भैरू पडला, ती नाही आली. आठ-आठ दिवस पुराखाली निजते आणि पाणी उतरले की अंग झाडून उभी राहते. तिचा उपयोग काय म्हणून भैरूला विचारले. तो पान उलटसुलट करून पाहून शरमल्यासारखा म्हणाला की आईच्यान, हिचा काय बी न्हाई.

मला इतका आनंद झाला की मी त्याला गुळाचा खडा दिला.

गाडीभर पाठवते आहे. काही मुळांसकट, बाकीच्या नुसत्या जून फांद्या. त्याही ओलीत रुजतात. पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा, थेट पाण्यातल्या दगडांपासून वरपर्यंत दाट लावा. मधल्या जागेत लव्हाळे पसरू द्या. सोबत थोडे वाळुंजही आहे, तेही पाण्यातलेच झाड. पण त्याच्या काड्यांच्या टोपल्या होतात, म्हणून आतल्या अंगाला लाव आणि कुणी विचारले तर नाव सांगू नकोस.

नीरजेला जप. तुझ्यावरचा लोभ पहिल्यापेक्षा वाढला आहे, कारण या घरात विचारून घेणारी तू एकटीच.

*

पुणे, नारायण पेठ
शके १७०७, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

ती. आनंदीअक्का यांस यज्ञेश्वराचा शि. सा. न. वि. वि. शेरणी चैत्रात लावली. निम्म्याहून अधिक जगली आहे. परंतु तिच्यापायी जो प्रकार झाला तो आपल्याला कळवणे भाग आहे, कारण त्याचा उगम आपला भैरू.

लाकडी पुलापाशी त्याने गाडी थांबवून रोपांवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडले. तिथे सरकारी पागेतला एक हिंदुस्थानी स्वार उभा होता. गाडीत काय आहे म्हणून त्याने विचारले. भैरूने सांगितले की शेरणी हाय, धायरीहून आणली, शास्त्रीबोवांच्या परसात सोडायची हाय, आणि तापली तर मरंल म्हणून पाणी मारतोय. आता हिंदुस्थानी बोलीत शेरणी म्हणजे वाघीण, हे मला माहीत आहे, आपल्याला माहीत असेल, भैरूला माहीत नव्हते. स्वाराने घोडा फिरवला तो पेठेत ओरडतच आला.

महिनाभर आमच्या बोळातून कोणी फिरकले नाही. माझे विद्यार्थी आजारी पडले, सगळे एकाच दिवशी. दूधवाली पलीकडच्या कोपऱ्यावर दूध ठेवून हाक मारी. कात्रजच्या नळाच्या हौदावर कुसुमला पहिला मान मिळू लागला, कारण ती आली की बाकीच्या बाजूला होत. त्यात दोष काही नव्हता. पण पुढे पेठेच्या पहाऱ्याचा जमादार सर्जेराव चार-पाच भालेकरी घेऊन दाराशी आला.

त्याने मला प्रश्न केले. मी खरी तीच उत्तरे दिली. शेरणी आपल्याकडे आहे का, तर आहे. कुठे असते, तर पाण्यात, आणि वर थोडी काठावर. खायला काय घालता, तर काही नाही, तिला लागत नाही. पकडीत सापडलेले सोडते का, तर मुळीच नाही, तो तर तिचा गुण. किती आहेत, तर जगल्या त्या पन्नासेक असतील. इथे दोन भालेकरी घरी गेले.

जमादार परसाच्या भिंतीआडच राहिला. त्याने काठावर आमिष म्हणून एक बोकड बांधवला. बोकडाला तीन-चार दिवस कोणी खाल्ले नाही. उलट बोकडानेच एक पान तोंडात घेतले, चघळले आणि थुंकून टाकले. मला मनापासून समाधान वाटले. तेव्हा जमादार धीर करून भाला रोखून खाली उतरला, आणि शेरणी कुठे आहे म्हणून माझ्यावर खेकसला. मी म्हणालो की आपण तिच्यावर उभे आहात.

त्याने पायांकडे पाहिले. मग हळूच म्हणाला की वर कळवून झाले आहे, वाघीण म्हणून. आता झुडूप म्हणून कसे कळवू. माणूस वाईट नाही. शेवटी त्याने असे ठरवले की वाघीण सध्या दिसत नाही पण फिरून येण्याचा संभव आहे, सबब पाऊसकाळ सरेपर्यंत कोणी या काठावर उतरू नये. बोकड जिवंत राहिला त्याअर्थी नारायण पेठेतली शेरणी सोवळ्यातली असावी, असेही तो लोकांत बोलतो. लोक ते मानतात. बोकड त्याने नेला नाही. तो आमच्याकडेच आहे.

अक्का, शेरणी आता फोफावली आहे. पण एका गैरसमजाच्या आधाराने माझा काठ उभा आहे, हे मनाला टोचते. रोज वाटते की चौकात जाऊन खुलासा करावा. आपला काय विचार? आज्ञा यावी, आणि आज्ञेत थोडा लोभही मिसळावा.

*

धायरी
शके १७०७, ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

चि. यज्ञेश्वरास आशीर्वाद. आज्ञा अशी की गप्प बसावे. चौकात गेलास तर मी स्वतः येऊन तुला घरी नेईन, आणि कान धरून नेईन.

भैरूला सगळे वाचून दाखवले. त्याचे म्हणणे की त्याने खोटे काही सांगितले नाही. तुझेही तेच म्हणणे. दोन खरे बोलणाऱ्यांनी मिळून पुण्यात वाघीण सोडली.

आता मुकाट्याने ऐक. लागवड पहिल्या वर्षाची आहे. मुळे अजून कोवळी. माझा तिच्यावर विश्वास आहे, पण पोरीच्या जिवाएवढा नाही. नीरजेला आषाढाच्या आत इकडे आणून पोचव. इथे कोरडी खोली आहे, सुईण आहे, आणि आमचा ओढा घरापासून लांब आहे. कुसुमला विचार आणि लगेच कळव. काळजीने लिहिते आहे, म्हणून शब्द रोखठोक आले. माया त्यांच्या मागे उभी आहे.

*

पुणे
शके १७०७, आषाढ शुद्ध तृतीया

ती. वन्संबाई यांस कुसुमचा दंडवत. आपले बोलावणे ऐकून मला रडू आले. पण नीरजा साताऱ्याहून आली तीच हातापायांवर सूज घेऊन. सुईण म्हणते की आता बैलगाडीचे धक्के नकोत. आणि पोरीनेही मागची खोलीच धरली आहे. दिवसभर खिडकीत बसून शेरणी पाहते. तिचे म्हणणे की या घरात ती एकटीच अशी आहे जिला कुणी काम सांगत नाही.

इकडून रोज सकाळी काठावर जाऊन एकेक झुडूप ओढून पाहणे होते, पक्के आहे की नाही. मी म्हटले, असे रोज ओढलेत तर ते सैल तुम्हीच कराल. आता नुसते पाहून येणे होते.

जे व्हायचे ते इथेच. देवापाशी आमचे नाव काढावे.

*

पुणे
शके १७०७, श्रावण शुद्ध द्वादशी

ती. वन्संबाई यांच्या पायी कुसुमचा दंडवत. आधी सुखाचे. नीरजा मोकळी झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. आता बाकीचे सांगते.

परवा दुपारी नीरजेला कळा सुरू झाल्या. पुण्यात लख्ख ऊन होते, परसात वाळवण होते. मुठेचे पाणी मात्र बघता बघता लाल झाले. वर घाटात कोसळले असणार. सुईण आत, मी आत, आणि खिडकीबाहेर नदी अशी वाजू लागली की पोरीचे कण्हणे ऐकू येईना. इकडची स्वारी दाराबाहेर उभी. दर थोड्या वेळाने बाहेरून विचारणा होई की हलवायचे का. सुईण ओरडली की आता डोके दिसते आहे, हलवायचे तर घर हलवा.

मी एकदाच खिडकीतून पाहिले. शेरणी नव्हती. एकही नाही. काठापासून पलीकडपर्यंत नुसते लाल पाणी, आणि त्यातून एक अख्खे छप्पर चाललेले. मला वाटले, झाले. नीरजेने विचारले, आई, काठ आहे का. मी म्हटले, आहे. मला काय ठाऊक होते? पण तिने माझा हात धरला तो असा, की बोटे अजून दुखतात.

पोर रडली तेव्हा बाहेरून पुन्हा विचारणा झाली, की हा आवाज कुणाचा. सुईणीने सांगितले की आजोबा झालात. मी डोकावले तर इकडून भिंतीला डोके टेकून उभे राहणे झाले होते, आणि शेजारी तो बोकड.

सकाळी पाणी उतरू लागले. आधी काहीच दिसेना, मग चिखलात केसांचा भांग पाडल्यासारखे काहीतरी दिसले. सगळी झुडपे एका दिशेला निजलेली, अंगावर गवत, चिंध्या, कुणाचे तरी धोतर. खाली लव्हाळे चपटे झालेले. आणि त्यांच्याखाली काठ. जसा होता तसा. उलट वरून आलेला गाळ अडकून वीतभर वाढलेला. दुपारपर्यंत एकेक फांदी मान वर काढू लागली. आम्ही दोघे बघत बसलो.

गोपाळकृष्ण वैद्यांचा काठ गेला. माणसे बचावली, पण औषधे कुटायची पडवी खलासकट गेली. आज आपल्या घरी त्यांची पानेही मांडली होती. जेवताना त्यांनी काठाचे नाव काढले नाही. इकडूनही काढणे झाले नाही.

बारशाला यावे. आल्याशिवाय लोभ आहे असे मी मानणार नाही.

*

पुणे
शके १७०७, भाद्रपद शुद्ध पंचमी

ती. वन्संबाई यांस कुसुमचा दंडवत. बारशाहून आपण सुखरूप पोचल्याचे भैरूकडून कळले. आमची नात श्यामला बाळसे धरते आहे. आपण घातलेली अंगडी तिला आताच आखूड होतात.

आपण गेल्यावर एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वैद्यबोवा सकाळीच आले. आपल्या काठासाठी काही फांद्या मिळतील का म्हणून विचारायला आले होते, पण शेरणीपाशी बसले ते बसलेच. पान चुरगाळून पाहिले, मूळ खरवडून जिभेला लावले. मग उठून गंभीरपणे म्हणाले की शास्त्रीबोवा, हा पाषाणभेद तर नव्हे? मुतखड्यावर याच्यासारखे मूळ नाही. दगडाचे पाणी करते म्हणतात.

वन्संबाई, माझ्या हातातले भांडे खाली आले. आपल्या या पेठेत बैठे काम करणाऱ्यांची काय कमी, आणि मुतखडा घरटी एक. हे मूळ औषधाचे ठरले की आठवड्यात काठ उकरला जाईल. जमादाराची वाघीणसुद्धा त्या दुखण्याला अडवू शकणार नाही. आणि मला ठाऊक होते की इकडून खोटे बोलणे होणार नाही. ते निघण्याआधीच पोथी उघडून पाषाणभेद दाखवला जाईल, पानासकट.

इकडची स्वारी वैद्यबोवांना काठाच्या कडेला घेऊन गेली. मग शांतपणे असे सांगणे झाले की वैद्यबोवा, विचार करा. पाषाणभेद म्हणजे जे पाषाण भेदते ते. आता हा आमचा काठ पाहा, सगळा दगडगोट्यांचा. हिने एवढ्या पुरात एकेक दगड उराशी धरून ठेवला. जी दगड भेदते ती दगड धरून ठेवील कशी? आणि धरून ठेवते त्याअर्थी भेदत नाही. सबब ही ती नव्हे.

वैद्यबोवांनी मान डोलावली. दोनदा डोलावली. इतके सरळ असून ध्यानात आले नाही म्हणाले. मग फांद्यांची मोळी खांद्यावर घेऊन आपल्या काठाला लावायला गेले, आणि औषध नाही म्हटल्यावर त्यातली एकही घरात ठेवली नाही. मी खिडकीतून पाहत होते.

दुपारी पाने वाढली तर इकडे जेवणावर मन नव्हते. पाटावर बसून मला विचारणे झाले, की सकाळच्या अनुमानात काही दोष दिसला का. मी म्हटले, मी शास्त्र शिकलेली नाही, पण मलासुद्धा दिसला. तेव्हा भातावर तूप वाढून घेत उत्तर आले, की वैद्यबोवांनाही दिसेल, विद्वान माणूस आहे. पण तोवर त्यांच्या काठाला मुळे धरलेली असतील, आणि मग ते स्वतःच कुणाला उपटू देणार नाहीत.

आमच्यावर आहे तसाच लोभ ठेवावा, आणि हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावे.